गुडघ्यापासून गळ्यापर्यंत

गणपती गेल्यानंतरच्या मंगळवारी सकाळी माझी पत्नी शाळेच्या मैदानावर तिसऱ्या बेसजवळ उभी होती. आमची मुलगी बॅटिंग करत होती. मुलीने बॉल मारला. पत्नी खाली बसली. मुलींनी पाणी आणलं, मग रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि मला फोन करायला सांगितलं.

मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. मी तिथे ग्रंथपाल आहे. नव्या पुस्तकांवर शिक्के मारणं चाललं होतं. फोन ठेवल्यावर हातातल्या पुस्तकावर शिक्का मारला आणि मग उठलो. एवढं आठवतं. रिक्षात कधी बसलो ते आठवत नाही.

पत्नी शाळेत पीटीची शिक्षिका होती. लंगडी, खो-खो, कवायत हे तिचं नेमून दिलेलं काम. बेसबॉल तिने स्वतःहून आणला. कॉलेजात असताना ती खेळली होती. त्याआधी शेलार गावी, माहेरी, भात कापून झाल्यावर रिकाम्या शेतात भावांबरोबर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळायची. भिवंडीत बेसबॉल म्हटलं की लोक एकच प्रश्न विचारायचे, क्रिकेट का नाही? ती म्हणायची, क्रिकेटमध्ये मुलींना फिल्डिंगच मिळते.

रविवारी तिची प्रॅक्टिस असली की मी मैदानाच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसायचो. मैदानाच्या भिंतीपलीकडे लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, गाळे आहेत. त्या आवाजात वाचायची मला नारपोलीत राहून सवय झाली होती. मधूनमधून तिची वाक्यं कानावर पडायची. गल्लीत भावांबरोबर क्रिकेट खेळलेल्या मुली बेसबॉलची बॅट हातात घेतली की अख्खं अंग एकदम फिरवायच्या. ती त्यांना थांबवायची. "दार उघडल्यासारखं फिरू नका गं. चादर पिळल्यासारखं फिरा."

मग समजावून सांगायची. धुतलेली चादर दोघी दोन टोकांना धरून पिळतात. एकीने टोक घट्ट धरून ठेवायचं, दुसरीने फिरवायचं. दोघींनी एकाच बाजूला एकदम फिरवलं तर पाणी निघेल का? नाही निघणार. अंगाचंही तसंच. पुढचा पाय जमिनीला टेकला की कंबरेखालचा भाग आधी फिरतो, खांदे तेवढा क्षण मागेच राहतात. त्या क्षणात पोट आणि पाठ पिळली जाते. मग तो पीळ सुटतो, खांदे येतात, खांद्यांमागून हात, हातांमागून बॅट. जोर हातात नसतो, पिळात असतो.

हे दिसावं म्हणून ती मुलींच्या दोन ओढण्या घ्यायची. एक कंबरेखाली, दोन्ही बाजूंच्या हाडांवरून घट्ट बांधायची, गाठ पुढे. दुसरी काखेखालून छातीवर, तिचीही गाठ पुढे. बॉल टाकणाऱ्या मुलीला विचारायची, तुला कुठली गाठ आधी दिसली? खालची म्हटली तर बरोबर. दोन्ही एकदम म्हटली तर दार.

आमची मुलगी तेव्हा अकरावीत होती, त्याच शाळेच्या ज्युनिअर कॉलेजात. आईशी ती प्रत्येक बॉलला भांडायची.

"खांदा आधी गेला."

"नाही गेला."

"मी काय आंधळी आहे?"

"तू तिकडून तिरकी बघतेस. तिरकंच दिसणार."

बॅटरला खुणा करता याव्यात म्हणून शिकवणारा माणूस तिसऱ्या बेसजवळ उभा राहतो. तिथे उभी राहून पत्नी हे सगळं ओरडून बोलायची. दोघींचा आवाज लूमच्या वर जायचा. मी पान उलटायचो.

दहाव्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. पिंड ठेवले आणि मागे सरकून उभे राहिलो. समोर वायरवर कावळे बसलेले होते. एकही खाली येईना. अर्धा तास गेला असेल. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. पत्नीचा धाकटा भाऊ पुढे झाला. त्याने हात जोडले. "ताई, भाऊजींना आमी बगू. तू काळजी करू नको." कावळा आला नाही. त्याची बायको म्हणाली, "पोरीचं लगीन आमी करून देऊ." तरीही आला नाही. कुणीतरी म्हणालं, वन्सं, तुमच्या शाळेच्या मुली... आणि वाक्य अर्धवटच राहिलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "आपली मुलगी खेळत राहील. राज्याच्या टीमपर्यंत जाईल."

कावळा खाली आला.

मेव्हण्याने डोळे पुसले. आता ताई सुटली, असं तो म्हणाला. मुलगी माझ्या मागे चपला हातात घेऊन उभी होती. तिच्याकडे त्या वेळी कुणी बघितलं नाही. मीही नाही.

राज्याच्या टीमची निवड चाचणी जानेवारीच्या शेवटी होती. पत्नीच्या जागी शाळेने लगेच कुणाला नेमलं नाही. बेसबॉलच्या मुली खो-खोकडे गेल्या, काही क्लासला जाऊ लागल्या. एक उरली. ती आमच्याच भागात राहणाऱ्या एका लूम कामगाराची मुलगी. टीममध्ये ती पिचर होती, म्हणजे बॉल टाकायची. तिलाही चाचणी द्यायची होती. मुख्याध्यापकांना अर्ज करून मी सकाळचं मैदान मागून घेतलं. शब्द दिलेला होता.

मी कधी कुठला खेळ खेळलेलो नाही. मला येतं ते केलं. मोबाइलवर मिळेल ते वाचलं, आणि दोनशे पानी वही घेतली. पत्नीने काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. तिची हजेरीची वही होती आणि त्यात कोणाला बूट नाहीत याची यादी होती. मग मी तो पीळ शब्दांत लिहायला बसलो. वजन मागच्या पायावर. पुढचा पाय हलका उचलायचा. टाच टेकताना मागचा गुडघा आत वळतो. गुडघ्यामागोमाग कंबरेचं हाड. पुढचा पाय ताठ होतो, म्हणून फिरणाऱ्या अंगाला टेकू मिळतो. छाती तोवर बंद. मग खांदा. एका फटक्याला वहीत दीड पान लागलं. प्रत्यक्षात डोळ्याची पापणी लवायच्या आत तो होऊन जातो.

एकदा घरी कुणी नसताना मी कपाटाच्या आरशासमोर करून बघितलं. हातात छत्री घेतली. कंबर फिरवली की खांदे बरोबर यायचे. खांदे धरून ठेवले की कंबर हलायची नाही. दहा-बारा वेळा केलं. मी एका फळीसारखा फिरत होतो. पत्नी गेल्यापासून अंगात कुठे काही वेगळं दुखत नव्हतं, सगळं एकच झालं होतं. मी छत्री जागेवर ठेवली आणि वहीत लिहिलं, हे वाचून येत नाही.

तरी वाचत राहिलो.

पहिल्याच आठवड्यात मला मुलीची चूक दिसली. दोन्ही गाठी एकदम येत होत्या. काही वेळा वरची आधी. बॉल लागायचा, पण पूर्वीचा टण् असा आवाज येत नव्हता. मी व्हिडिओ काढायला लागलो. कट्ट्यावरून झूम करून, गुडघ्यापासून गळ्यापर्यंत. गाठी दोन, त्या दोनच बघायच्या होत्या. रोज तीस-चाळीस फटके. संध्याकाळी ते थांबवून थांबवून बघायचो आणि दुसऱ्या दिवशी तिला सांगायचो.

"वरची गाठ मागे ठेव."

"हो."

"पाय टेकेपर्यंत हात हलवू नकोस."

"हो."

"मागचा गुडघा आत."

"हो, पप्पा."

ती सगळं ऐकायची. खांदा मागे धरून ठेवायची, पण आता तो धरून ठेवलेलाच दिसायचा. कंबर फिरून थांबायची, खांदा थांबायचा, मग बॅट यायची. तोवर बॉल निघून गेलेला असायचा. मी आणखी सूचना द्यायचो. ती आणखी हो म्हणायची. आईला ती एका सकाळी जेवढ्या वेळा नाही म्हणायची, तेवढ्या वेळा मला हो म्हणत होती. त्यात काही वावगं आहे हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, सुधारते आहे.

पिचर मुलगी सुरुवातीपासून एक तक्रार करत होती. "काका, ये मेरेको देखतीच नहीं."

मला वाटलं दोघींचं काही बिनसलंय. मी मुलीला घरी विचारलं, भांडलात का? ती म्हणाली, आमचं चांगलं आहे. मी तेवढ्यावर सोडलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. "काका, सच्ची बोलते. मी बॉल टाकते आणि ही बघतच नाही."

"तुम्ही दोघी आपसात मिटवा," मी म्हणालो.

"हमारा क्या मिटाने का? आप लिखो, लिखो." ती बॉल उचलायला गेली.

मेव्हणा कधीमधी यायचा. त्याची शेतजमीन गोदामवाल्यांना गेली, आता तो काल्हेरला ट्रान्सपोर्टचं बघतो. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, ती तो मैदानाच्या फाटकातच उभी करायचा. दहा मिनिटं बघितलं की त्याला राहवायचं नाही.

"भाऊजी, तुमी पोरीला पुस्तक करून टाकलंय."

"खांदा आधी जातोय तिचा."

"ते मला पन दिसतंय. इकडं या गं दोघी." त्याने गाडीतला टॉवेल आणला. लहानपणी खाडीत वडिलांबरोबर पाग टाकायला जायचा, म्हणजे ते गोल जाळं हाताने फेकायला. ते त्याने टॉवेलने करून दाखवलं. पाय रोवले, कंबर मागे नेली, पुढे सोडली, खांदा सगळ्यात शेवटी. टॉवेल हवेत उघडला आणि जमिनीवर पसरला. "खांदा आधी गेला ना, तर जालं उघडतच न्हाय. गोला होऊन पडतं. माझे वडील मंग शिव्या द्यायचे."

"मामा, मच्छी कुठाय?" पिचर मुलगी म्हणाली.

"मच्छी आता गोदामात," तो म्हणाला. आमची मुलगीही हसली. कित्येक दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मी वहीत लिहिलं, पाग, खांदा शेवटी.

त्या दिवशी माझ्या मोबाइलची बॅटरी संपली होती. मेव्हणा म्हणाला, मी काढतो. त्याने आपला मोबाइल आडवा धरला, झूम-बिम काही केलं नाही, वर आकाशही घेतलं. भिंत, कट्टा, मैदान, दोन्ही मुली, सगळं त्यात आलं. दुपारी त्याने ते मला पाठवलं.

ग्रंथालयात तेव्हा कुणी नव्हतं. मी टेबलावर मोबाइल ठेवून बघितलं. पिचर मुलीने हात मागे नेला. आमच्या मुलीचा पाय उचलला गेला. आणि बॉल हातातून सुटायच्या आधी तिची मान वळली. डावीकडे, पिचरच्या पलीकडे, तिसऱ्या बेसकडे. मानेमागून खांदा गेला. खांद्याबरोबर सगळं गेलं. दुसरा फटका बघितला. तिसरा. एकूण अकरा होते. अकराही वेळा मान आधी.

माझ्या मोबाइलमध्ये त्या तीन-साडेतीन महिन्यांचे सगळे फटके होते. एकातही तिचा चेहरा नव्हता.

मी मोबाइल उलटा ठेवला. दोन विद्यार्थी पुस्तकं परत करायला आले, त्यांच्या तारखा बघून दिल्या. साडेपाचला नेहमीसारखा निघालो.

घरी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून दुसरी जुडी घेतली. थोडा वेळ निवडली. मग म्हणालो, "मामाने पाठवलेला व्हिडिओ बघितला."

"मीपण बघितला."

"मान जाते तुझी."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी मुद्दाम नाही बघत. जाते ती." तिने देठ बाजूला ठेवले. "त्या दिवशी मी बॉल मारला आणि मी बॉलकडे बघत होते. तो भिंतीपर्यंत गेला. आई बसली ते मी बघितलंच नाही. बाकीच्या ओरडल्या तेव्हा बघितलं."

मी हातातली जुडी निवडून संपवली. मग विचारलं, "तुला खेळायचंय का?"

"तुम्ही तिथे सांगितलंय ना."

"मी सांगितलं. तू काय म्हणतेस?"

"कावळा शिवला ना पप्पा. आता काय विचारताय?"

"तरी विचारतो."

तिने मेथीची पानं ताटात पसरली, पुन्हा गोळा केली. "त्या दिवशी विचारलं असतंत तर हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "खरंच म्हटलं असतं. आता मला तिथे उभंच राहायचं नाहीये. मला नाही खेळायचं."

तिने मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. तिने ताट उचललं आणि भाजी धुवायला गेली.

चाचणीला नऊ दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी तिचं नाव मागे घेणारं पत्र लिहिलं. दोन ओळींचं. कारण म्हणून वैयक्तिक असं लिहिलं. पिचर मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग माझ्यासमोर कोण?" मी म्हणालो, मी उभा राहतो. उरलेले दिवस मी तिच्यासमोर बॅट घेऊन उभा राहिलो. एकही बॉल मारला नाही, मारायचा नव्हताच, तिला फक्त समोर माणूस हवा होता. ती चाचणीला तिच्या वडिलांबरोबर गेली. राखीव यादीत तिचं नाव आलं.

मेव्हण्याला सांगायला मी शेलारला गेलो. तो अंगणात गाडी धूत होता. ऐकून घेतलं आणि पाइप तसाच हातात धरून उभा राहिला.

"भाऊजी, शब्द दिलाय तुमी. आमी सगले होतो तिथं."

"दिला. पण तिला न विचारता दिला."

"विचारायची ती येल होती का?"

"नव्हती."

"मंग? आता ताईला काय सांगनार?"

"तेच सांगेन. तिला विचारलं नव्हतं म्हणून."

"आनि तिनं न्हाय ऐकलं तर?"

"ती माझं कधी ऐकायची?"

त्याला हसू आलं, ते त्याने दाबलं. मग तोंड फिरवलं आणि गाडीची काच पुन्हा धुवायला घेतली, ती धुऊन झालेली होती तरी. त्याच्या बायकोने चहा आणला. मी घेतला. तो काच धूतच राहिला. होळीला तो आमच्याकडे आला नाही, पाडव्यालाही नाही. वैशाखात एका दुपारी दारात उभा राहिला. पिशवीत सुकट होती आणि झाडाचे आंबे. भाचीला त्याने बारावीला कुठले विषय आहेत एवढं विचारलं. ती सांगत असताना तो ऐकत होता, पण विषय त्याला समजत नव्हते. जाताना मला म्हणाला, "बरी दिसते पोर." मी हो म्हणालो.

मला बरं वाटतं का, असं ग्रंथालयात लोक विचारतात. मी ठीक म्हणतो. ते खोटं नाही. सकाळी उठतो, पाणी भरतो, डबा घेतो. रडू अजून आलेलं नाही. येईल असं वाचलं आहे.

मुलीला अकाउंट्स जड जातं. शनिवारी ती शिकवणीहून उशिरा येते, तेव्हा भात मी लावतो. आमटी तिला माझ्यापेक्षा चांगली येते. जेवताना आम्ही फारसं बोलत नाही, पण पूर्वीपेक्षा बोलतो. मी काही सुचवलं की ती बऱ्याचदा नाही म्हणते. घरात आता आम्ही दोघं आहोत.